'राणीची वेळा' आणि ताराबाईंची हरवलेली सात वर्षे

१/ मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात तटाला लागून वाळूचा एक चिमुकला किनारा आहे. त्याला 'राणीची वेळा' म्हणतात. महाराणी ताराबाई येथे सागरस्नान करीत, अशी आख्यायिका आहे. होडीतून आलेला पर्यटक तेवढीच ताराबाई मनात घेऊन परततो. ऐतिहासिक कादंबरीचा वाचकही पुष्कळदा याहून फारसे काही घेऊन परतत नाही.

२/ तरुण राणीसाठी आपल्या ललित लेखनाने दोन साचे घडवून ठेवले आहेत. एक घोड्यावरची रणरागिणी, दुसरी भाऊबंदकी पेटवणारी सत्तालोलुप विधवा. एकीची आरती करायची, दुसरीला दूषणे द्यायची. राज्य चालवणारी स्त्री मात्र दोन्हींत दिसत नाही.

३/ मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. ताराबाई तेव्हा पंचविशीच्या, पुत्र शिवाजी जेमतेम चार वर्षांचा. आता उरल्या विधवा आणि लेकरे, या समजुतीने मोगल छावणीत आनंद झाला. पुढच्याच महिन्यात साताऱ्याचा किल्ला पडला.

४/ यानंतरचा काळ कादंबरीकाराने खरोखर लिहावा असा आहे. ऐंशी ओलांडलेला औरंगजेब स्वतः एकेका गडापुढे तळ देत होता. मराठे गड शक्य तितका झुंजवत, पावसाळा तोंडावर आणत आणि मग मोठी रक्कम घेऊन तो सोडत. १७०२ मध्ये विशाळगड असाच गेला. परतीच्या वाटेवर चिखलाने आणि पुराने बादशाही फौजेची दैना केली.

५/ बादशहा सह्याद्रीत गुंतला असताना मराठी फौजा दूरवर पोहोचल्या. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे माळव्यात शिरले. १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत मोगलांचा पराभव केला. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब मरण पावला, तेव्हा मराठ्यांचे राज्य उभे होते.

६/ हे एका तलवारीच्या चमत्काराने घडले नाही. सेनापती, अमात्य, किल्लेदार, रसद, वाटाघाटी यांचा मेळ लागला. पतीच्या हयातीतच ताराबाईंना मुलकी व लष्करी कारभाराच्या जाणतेपणाबद्दल लौकिक मिळाला होता, हे मोगलांचा इतिहासकार खाफीखान नोंदवतो. शत्रूच्या लेखणीला दिसलेली ही कारभारीण आपल्या कादंबरीला दिसू नये?

७/ यावर आक्षेप येईल की कादंबरी म्हणजे बखर नव्हे, तिला नाट्य हवे. मग खरे नाट्य पाहा. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेत असताना ताराबाईंनी स्वतःच्या मुलाला गादीवर बसवले. वारसाहक्काचा प्रश्न तेव्हाही बोचरा होता. शत्रूच्या छावणीतल्या राजाच्या नावाने राज्य चालवावे, की समोरच्या बालकाच्या? या पेचात राणीची दूरदृष्टी आणि महत्त्वाकांक्षा एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. देवी किंवा खलनायिका ठरवली, की हा पेचच नाहीसा होतो.

८/ १७०७ मध्ये शाहू सुटून आले आणि खेडच्या लढाईत ताराबाईंची बाजू हरली. १७०८ मध्ये शाहूंच्या फौजांनी पन्हाळा घेऊन रांगण्याला वेढा घातला, तेव्हा ताराबाईंनी मालवणचा आश्रय घेतला. औरंगजेबाला पुरून उरलेली राणी घरच्याच फौजेमुळे समुद्रापर्यंत मागे हटली होती.

९/ म्हणून ताराबाईंवरची पुढची कादंबरी हाती येईल, तेव्हा तिच्यात घोडे किती आणि अश्रू किती हे मोजू नका. १७०० ते १७०७ या वर्षांना किती पाने दिली आहेत आणि त्या पानांत राणी निर्णय घेताना दिसते का, एवढे तपासा.