पॉम्पेईतल्या बाईला ‘लक्ष्मी’ कुणी केले?

इटलीतल्या पॉम्पेई शहरात 1938 साली उत्खननात एका घरात हस्तिदंती बाई सापडली. उंची वीतभर. अंगावर दागिनेच दागिने, दोन्ही बाजूंना साजशृंगाराचे सामान घेतलेल्या दासी. इ.स. 79 मध्ये हे शहर व्हेसुव्हियसच्या राखेत गाडले गेले, म्हणजे ती त्याआधीच भारतातून तिथे पोहोचली होती. उत्खनन करणाऱ्या इटालियन अभ्यासकाने तिला लक्ष्मी म्हटले, आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हेच नाव रूढ झाले.

कशावरून लक्ष्मी? हातात कमळ नाही, बाजूला हत्ती नाहीत. डोक्यातून खाली आरपार जाणारे भोक मात्र आहे. ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी, असे अभ्यासक मानतात. म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे, वापरायची वस्तू! आज बरेच जण तिला यक्षी म्हणतात. पण सजलेली भारतीय बाई दिसली की देवी आणि देवी म्हटली की पुराणातली, ही खोड जात नाही.

पॉम्पेई तर व्हीनस या प्रेमदेवतेचेच शहर; रोमन वसाहत झाल्यावर तिचे नाव शहराच्या नावात घातले गेले. ज्युलियस सीझरने आपले कूळच व्हीनसपासून सांगितले आणि इ.स.पू. 46 मध्ये रोममध्ये तिचे देऊळ बांधले. (आपल्याकडचे सूर्यवंशी-चंद्रवंशी आठवले ना?) त्या घराच्या मालकाला ही बाई व्हीनसच वाटली असेल कदाचित. तो परका होता. आपले काय?

तिची जवळची बहीण आपल्याकडेच सापडली आहे. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून जालना जिल्ह्यातले भोकरदन खणले, तेव्हा त्याच घडणीची हस्तिदंती स्त्री-प्रतिमा मिळाली. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावे सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या दंतकारांनी हे कोरीवकाम केल्याचा लेखच आहे. हस्तिदंत कोरणारे हात दगडावर चालले, ते स्तूपासाठी. त्या हातांची नोंद पुराणांत शोधून सापडायची नाही.

कुणी म्हणेल, श्री तर भारहुतलाही आहे. आहेच! ‘सिरिमा देवता’ असे नाव कोरलेले आहे. पण ती स्तूपाच्या कठड्यावर, यक्ष-यक्षींच्या रांगेत स्वतःच्या पायांवर उभी आहे. शेषशायीचे पाय चेपत बसलेली नाही. पॉम्पेईची बाई बौद्ध मूर्ती होती असा दावा आम्ही करत नाही; तसे केले तर त्यांच्यात नि आमच्यात फरक काय? पायथ्याशी खरोष्ठी अक्षर आहे, म्हणून ती वायव्येकडून गेली असेही म्हणतात. तो वाद चालू द्या. पण पुरावा नसताना चिकटवलेले नाव काढा.

नावात काय आहे, हे निदान आम्हाला विचारू नका. ज्या मराठवाडा विद्यापीठाने भोकरदन खणले, त्याच्याच नावासाठी 1979 मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला होता आणि बाबासाहेबांचे नाव लागायला 1994 उजाडले.

भोकरदनच्या उत्खननाचा अहवाल इंग्रजीत आहे. नागपूर विद्यापीठाने तो मराठीत आणावा, आणि शाळेच्या पुस्तकात या बाईचे चित्र येईल तेव्हा खाली ‘हस्तिदंती स्त्री, बहुधा यक्षी’ एवढेच छापावे.