अपघातानंतरची मोटार: निवड मालकाची की विमा आणि कराची?

सिकंदराबाद छावणी मतदारसंघाच्या आमदार जी. लास्या नंदिता यांच्या मोटारीला १३ फेब्रुवारी २०२४ रोजी नलगोंडा जिल्ह्यातील नार्केटपल्लीजवळ अपघात झाला. त्या किरकोळ जखमांवर बचावल्या. अवघ्या दहा दिवसांनी, २३ फेब्रुवारीच्या पहाटे, हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर पाटणचेरूजवळ झालेल्या दुसऱ्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्या ३७ वर्षांच्या होत्या. लोकप्रतिनिधीला दौरे थांबवता येत नाहीत, हे खरे. परंतु सामान्य कुटुंबालाही अपघातानंतर फार काळ थांबता येत नाही. हैदराबादची मेट्रो पश्चिमेला रायदुर्गपाशी संपते. त्यापलीकडच्या कचेऱ्या आणि शमशाबादचा विमानतळ अद्याप तिच्या कक्षेबाहेर आहेत. परिणामी, गाडी मोडली की दुसरी गाडी घेण्याचा निर्णय घाईत होतो. मन भेदरलेले असताना तो घेतला जातो आणि त्याच्या अटी मालकाने नव्हे, तर इतरांनी ठरवलेल्या असतात.

पहिली अट विम्याची. मोटारीचे विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, कंपनीच्या जाहीर किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ठरते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २० आणि तिसऱ्या वर्षी ३० टक्के. दहा लाखांच्या गाडीचे तिसऱ्या वर्षीचे विमामूल्य अशा रीतीने सात लाखांवर येते. दुरुस्तीचा खर्च या रकमेच्या ७५ टक्क्यांहून, म्हणजे सव्वापाच लाखांहून अधिक झाला, की गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. हाती येणाऱ्या सात लाखांवर पहिला हक्क कर्ज देणाऱ्या बँकेचा. उरेल ते मालकाचे, आणि बहुधा ते थोडेच उरते. गाडी घेताना भरलेला रस्ता कर व पहिल्या विम्याचा हप्ता विमामूल्यात धरलेलाच नसतो. तो धरणारे ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे जोडसंरक्षण मिळते. मात्र ते साधारणतः नव्या गाड्यांपुरतेच आणि जादा हप्ता भरून. दावा न केल्याबद्दल वर्षानुवर्षे साचलेली, जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत जाणारी सूटही दाव्यासरशी जाते. नव्या गाडीचा विमा शून्यापासून सुरू होतो.

दुसरी अट कराची, आणि तेलंगणात ती विशेष जाचक आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या टप्प्यांनुसार ५ ते १० लाखांच्या मोटारीवर १४ टक्के आजीवन कर होता, दहा लाखांची रेषा ओलांडली की १७ टक्के. महागड्या गाड्यांवरचा कर त्यानंतर आणखी वाढला. रेषेच्या अलीकडे कर एक लाख चाळीस हजारांच्या आसपास आणि पलीकडे एक लाख सत्तर हजार. किमतीत काही हजारांचा फरक, करात तीस हजारांचा. एखाद्या गाडीची सुरक्षा-साधनांनी अधिक सज्ज आवृत्ती नेमकी या रेषेपलीकडे असेल, तर अपघातातून आलेल्या ग्राहकाला करखातेच खालच्या आवृत्तीकडे ढकलते. शिवाय एकाच व्यक्तीच्या नावावरील दुसऱ्या मोटारीवर २ टक्के जादा कर आहे. चेंदामेंदा झालेल्या गाडीची नोंदणी रद्द केली नसेल, तर कागदावर ती जिवंतच राहते आणि नवी गाडी ‘दुसरी’ ठरण्याची शक्यता असते.

केंद्राच्या करधोरणाने मात्र काहींना अनपेक्षित हात दिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. ज्यांची पॉलिसी त्याआधीच्या किमतीवर आधारलेली होती, त्यांना भरपाई जुन्या भावाने आणि नवी गाडी नव्या भावाने मिळाली. विजेवर चालणाऱ्या मोटारींना तेलंगणाने नोव्हेंबर २०२४ पासून रस्ता कर व नोंदणी शुल्क पूर्ण माफ केले आहे. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. सवलत स्वागतार्हच. पण गाडी सुरक्षित आहे का, या प्रश्नाशी तिचा काही संबंध नाही.

तो प्रश्न अपघातग्रस्त कुटुंब प्रथमच गांभीर्याने विचारते आणि उत्तर ताऱ्यांमध्ये शोधते. ‘भारत एनकॅप’ ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. ती ऐच्छिक आहे. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा प्रस्ताव केंद्राने त्याच सुमारास सोडून दिला. पाच तारे मिळवणारी गाडी समोरून आदळवली जाते ती ताशी ६४ किलोमीटर वेगाने. १५८ किलोमीटरच्या आउटर रिंग रोडवर उजवीकडच्या मार्गिकांत कायदेशीर मर्यादाच १२० आहे. वेग दुपटीहून कमी वाढला, तरी धडकेतील ऊर्जा सुमारे साडेतीनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तारे निरर्थक नाहीत. त्या रस्त्यावरच्या वेगाची हमी तेवढी ते देत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात सीटबेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ८,३३१ प्रवासी होते, चालक नव्हेत. मोठी, जड, उंच गाडी घेऊन मागच्या आसनावर पट्ट्याविना बसणाऱ्यांची समजूत या आकड्यापुढे टिकत नाही.

हैदराबादेत नोकरी करणारी अनेक गोमंतकीय मुले अशा वेळी घरची ‘जीए’ क्रमांकाची गाडी मागवून घेतात. तात्पुरता तोडगा म्हणून ते ठीक. पण परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि त्यासोबत तेलंगणाचा करही येतो.

राहता राहिली मोडलेली गाडी. ती विमा कंपनीमार्फत भंगाराच्या भावाने विकली जाते. वाहन निकामी झाल्यास १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. ते टाळले गेले, तर हाच सांगाडा ठोकठाक करून, रंग चढवून जुन्या गाड्यांच्या बाजारात परत येऊ शकतो, आणि असा बाजार राज्याच्या सीमा पाळत नाही. हैदराबादेतून आलेली स्वस्त गाडी गोव्यात घेताना म्हणूनच तिची आधीची पॉलिसी पाहावी. पाच वर्षांच्या गाडीवर नो-क्लेम बोनस शून्य दिसत असेल, तर त्याचे कारण विक्रेत्याला पैसे देण्याआधी विचारावे.