इंजिन बांधणाऱ्यांची मराठी

चिखलीजवळच्या एका अंगणात जुन्या पिकअपचे खोललेले इंजिन आम्ही पाहिले. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, हे निदान घरीच झाले होते. पिस्टनच्या रिंगा बदलायच्या होत्या. बेअरिंगच्या प्रत्येक कॅपवर खुणेचे ठिपके ठोकले होते, कारण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. घरची माणसे इंजिन ‘खोलत’ होती, ‘बांधणार’ होती. ‘दुरुस्ती’ हा शब्द कोणी उच्चारला नाही.

आम्ही शिकवतो त्या ग्रामीण साहित्यात नांगर आहे, मोट आहे. सोयाबीन बाजार समितीत नेणारे हे वाहन मात्र क्वचितच भेटते. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांना भंगारातून घडवलेल्या गाडीच्या बदल्यात २०२२मध्ये नवी बोलेरो मिळाली, तेव्हाही ‘जुगाड’ म्हणून आपण मोकळे झालो. या कौतुकात ज्ञान नाकारण्याची सोय आहे. प्रत्येक भाग स्वस्थानी परत बसवणारे हे हात पाठचिकित्सकाइतकेच काटेकोर असतात.

त्यांची परिभाषा नोंदवणे हे मराठी विभागांचे काम आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच कित्येक विद्यार्थ्यांच्या अंगणात ती रोज बोलली जाते.