खोबऱ्याच्या वाटीचा नियम आधी घरापर्यंत येऊ द्या

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो,
नवी दिल्ली



बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यात, मलकापूरकडून येणाऱ्या महामार्गावर वडनेर भोलजी हे गाव आहे. महामार्गाचा नंबर आता ५३ झाला, तरी जुनी माणसं त्याला सहा नंबरचा हायवेच म्हणतात. इथून मुंबईचा विमानतळ सुमारे पाचशे किलोमीटरवर. अमेरिकेत, जर्मनीत किंवा आखातात पोरांकडे निघालेले आई-वडील आधी नांदुऱ्याहून नाहीतर मलकापूरहून रात्रीची गाडी धरतात, सकाळी मुंबईत उतरतात, नात्यातल्या कुणाकडे टेकतात आणि मग मध्यरात्रीच्या विमानासाठी निघतात. त्यांची बॅग मात्र दोन दिवस आधीच, गावातल्या घरात, शेजारणींच्या सल्ल्याने भरून झालेली असते. विमानतळावर काय अडणार आणि काय सुटणार, हे त्या ओसरीवरच ठरतं. आणि त्या ओसरीवर आपल्या ब्युरोचा एकही कागद नसतो. म्हणून हे पत्र.

अशी एक बॅग भरताना पाहावी. तळाशी साड्या आणि स्वेटर. त्यावर बिबड्या, कुरडया, मुगाच्या वड्या. मग जवसाची चटणी, लसणाची चटणी, मेतकूट, वर्षाचं तिखट आणि काळा मसाला, प्रत्येकाची दुहेरी पिशवी आणि वर गाठ. लोणच्याची बरणी, तेल झिरपू नये म्हणून तोंडावर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर दोन रबरं. तुपाचा स्टीलचा डबा, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली. सुनेची ओटी भरायची असते, तिथे नारळ मिळेल की नाही कोण जाणे, म्हणून खोबऱ्याच्या चार वाट्या. दिवाळी जवळ असेल तर अनारसे. आणि पासपोर्ट ठेवलेल्या कप्प्यात, कुणी न सांगता, शेगावच्या अंगाऱ्याची पुडी.

या बॅगेतल्या किमान चार वस्तूंवर कुठे ना कुठे बोट ठेवलं जाणार आहे. ती भरणाऱ्या बाईला त्यातलं एकही ठाऊक नाही.

खोबऱ्यापासूनच सुरुवात करावी. मार्च २०२२ पासून सुकं खोबरं चेक-इन बॅगेतून नेता येत नाही. घातक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत खोबऱ्याला यूएन १३६३ हा क्रमांक आहे आणि वर्ग आहे ४.२, म्हणजे आपोआप तापून पेट घेऊ शकणारे पदार्थ. कारण साधं आहे. खोबऱ्यात तेल भरपूर. त्या तेलाचा हवेशी संयोग होतो, तसतशी थोडी थोडी उष्णता तयार होते, आणि बंद जागेत ती बाहेर पडायला वाट नसते. खोबऱ्याचे ढीग वाहणाऱ्या जहाजांना या धोक्याची जुनी ओळख आहे. हे कारण वडनेरच्या कुठल्याही बाईला सांगितलं तर तिला दोन मिनिटांत पटेल, कारण ओलसर राहिलेला कापसाचा ढीग आतून कसा तापतो हे तिनं शेतात पाहिलेलं असतं. पण तिला कुणी सांगतच नाही. तिला कळतं ते बॅग काउंटरवर देऊन झाल्यावर. एक्स-रेत वाट्यांचा आकार दिसतो, नावाचा पुकारा होतो, आणि अनोळखी खोलीत, घाईत, सगळ्यांसमोर बॅग उघडावी लागते. सोडायला आलेला मुलगा तोवर काचेच्या पलीकडे असतो. तिकिटाशिवाय त्याला आत प्रवेश नाही, त्यामुळे काढलेली वस्तू त्याच्या हाती देण्याचीही सोय नाही.

नियम माणसांपर्यंत कसा न्यावा, हे आपल्या खात्याला येत नाही असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ केबिनमध्ये नेण्याची मुभा मिळाली. २० जानेवारी २०२५ पर्यंत, आणि पूर्ण तपासणी करूनच. नागरी विमान वाहतूक मंत्री राम मोहन नायडू यांनी ती स्वतः जाहीर केली. कुणासाठी, कुठपर्यंत, कोणत्या अटीवर, हे सगळं निघण्याआधीच स्पष्ट होतं. मार्च २०२२ मध्ये शीख प्रवाशांच्या कृपाणाबद्दलही असंच झालं: फक्त देशांतर्गत विमानात, पातं सहा इंचांपर्यंत, एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. ज्याला ते बाळगायचं त्याला इंचापर्यंत माहिती मिळाली. वडनेरच्या आजीलाही एवढंच हवं आहे.

या पत्रात तपासणी सैल करा अशी मागणी कुठेही नाही. आपला ब्युरो ज्या घटनांतून जन्मला, त्या विसरण्यासारख्या नाहीत. १० सप्टेंबर १९७६ ला इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून लाहोरला नेलं गेलं, पांडे समिती नेमली गेली आणि जानेवारी १९७८ मध्ये हा विभाग सुरू झाला. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशातच फुटलं, ३२९ जीव गेले. व्हँकुव्हरला बॅग सोपवणारा प्रवासी स्वतः विमानात बसलाच नव्हता, आणि टोरंटोतलं एक्स-रे यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडलं होतं. त्यानंतर, १ एप्रिल १९८७ ला, ब्युरो स्वतंत्र झाला. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं, आणि ३ फेब्रुवारी २००० ला जयपूरपासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे (सीआयएसएफ) विमानतळांची सुरक्षा यायला लागली. परदेशी निघालेल्या प्रत्येक आईबापाचा जीव या तपासणीवर अवलंबून आहे. रांगेत उभं राहायला त्यांची ना नाही.

पातळ पदार्थांचा नियमही असाच रक्ताच्या भीतीतून आला. डिसेंबर १९९४ मध्ये फिलिपाइन एअरलाइन्सच्या विमानात कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून स्फोटक नेलं गेलं आणि एका प्रवाशाचा जीव गेला. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनच्या पोलिसांनी शीतपेयांच्या बाटल्यांतून स्फोटकं नेण्याचा मोठा कट उघड केला. तेव्हापासून हाताच्या बॅगेत शंभर मिलिलिटरच्या वरची बाटली चालत नाही. पण पातळ म्हणजे काय? घरात तूप हा घट्ट पदार्थ, लोणचं तर फोडींचं, श्रीखंड चमच्यानं खायचं. तपासणीच्या टेबलावर ही तिन्ही पातळात मोडतात. घट्ट तुपाचा डबा काढून घेतला की आजीला वाटतं, आपल्याला फसवलं.

त्यात जागोजाग नियम वेगळे. मुंबईत तपासणीनंतर विकत घेतलेली पाण्याची बाटली फ्रँकफुर्टला विमान बदलताना काढून घेतली जाऊ शकते, कारण तिथे पुन्हा तपासणी होते. एडिंबरा आणि बर्मिंगहॅमच्या विमानतळांवर नवे स्कॅनर आल्यावर २०२५ मध्ये दोन लिटरपर्यंत मुभा मिळाली. अमेरिकेने त्याच वर्षीच्या जुलैत बूट काढायला लावणं थांबवलं. ती सक्ती २००१ च्या डिसेंबरात पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात बुटात बॉम्ब सापडल्यानंतरची होती. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी ३० जून २०१८ पासून पावडरीचाही नियम आहे: हाताच्या बॅगेत साडेतीनशे मिलिलिटरहून जास्त, म्हणजे शीतपेयाच्या एका कॅनहून अधिक, पावडर असेल तर वेगळी तपासणी होते, आणि खात्री पटली नाही तर ती विमानात जात नाही. मेतकूट, भाजणी, हळद, तिखट ही सगळी पावडरच. 'मसाला नाजूक आहे, हातातच ठेव' असा सल्ला देणाऱ्या शेजारणीला हे कसं कळावं?

पॉवर बँकेचं नेमकं उलट. ती चेक-इनमध्ये चालत नाही, हातातच ठेवावी लागते, कारण लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये ती विझवायला माणूस असतो, विमानाच्या पोटातल्या सामानाजवळ नसतो. जानेवारी २०२५ मध्ये कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं उभं विमान जळालं. तपासात संशय पॉवर बँकेवरच आला. लोणचं खाली, पॉवर बँक वर. एवढं एक वाक्य जरी मराठीत घरोघर गेलं तरी पुष्कळ बॅगा उघडाव्या लागणार नाहीत.

सगळ्यात काळजीची गोष्ट अनारशावरची खसखस आहे. तिचा आपल्या तपासणीशी थेट संबंध नाही, तो उतरण्याच्या देशाच्या कायद्याशी आहे. पण आईबापांच्या दृष्टीने विमानतळ एकच असतो. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस बंदीच्या यादीत आहे, अफूच्या झाडाचं बी म्हणून. लोणचं गेलं तर हळहळ वाटते. खसखशीपायी परक्या देशात पोलिसांसमोर बसायची वेळ येऊ शकते. आखातात कामाला गेलेल्या मुलासाठी दिवाळीचा डबा भरणाऱ्या घराला ही गोष्ट निघण्याआधी कुणीतरी सांगितलीच पाहिजे.

मग अंगाची झडती. लुगडं नेसलेली सत्तरीची बाई धातूच्या चौकटीतून जाते तेव्हा पिना, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, कधी बदललेल्या गुडघ्यातला धातू, काहीतरी वाजतंच. कनवटीला नोट आणि सुपारीचा तुकडा खोचलेला असतो. चंचीत अडकित्ता असतो, तो तर हत्यारच ठरतो. पडद्याआड महिला जवान तपासतात, ही पद्धत चांगली आहे. पण 'आता मी कमरेला हात लावणार आहे, पेसमेकर आहे का, ऑपरेशन झालंय का' हे आधी मराठीत विचारलं गेलं, तर तीच झडती अपमानाची वाटत नाही.

या बाबतीत एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकून पंतप्रधानांना विनंती केली: प्रत्येक विमानतळावर कृत्रिम पाय काढून दाखवायला लावू नका. सीआयएसएफने माफी मागितली आणि कृत्रिम अवयव अपवादानेच काढायला सांगावा असा नियम असल्याचं स्पष्ट केलं. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही कृत्रिम अवयव काढायला लावू नये असं म्हटलं. म्हणजे कागदावर नियम माणुसकीचाच होता. जयपूर फूट लावून नांदुऱ्याहून निघालेल्या शेतकऱ्याला तो नियम ठाऊक असेल, तर त्यालाही 'साहेब, हा काढायची गरज नाही' असं ठामपणे म्हणता येईल. सुधा चंद्रन यांच्यासारखा व्हिडिओ टाकणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

भाषेच्या या अडचणीचा भार दुसरीकडेही पडतो. धडधाकट चालणारे कित्येक आईबाप व्हीलचेअर मागतात, कारण ती ढकलणारा मुलगा तपासणीपासून गेटपर्यंत त्यांच्या वतीने बोलतो. मुलंच परदेशातून तशी नोंद करून ठेवतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेल्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना व्हीलचेअर मिळाली नाही. पत्नीबरोबर चालत जाताना ते कोसळले आणि गेले. विमान कंपनीला तीस लाखांचा दंड झाला. ज्याला खरंच चालवत नाही त्याच्यासाठी खुर्ची शिल्लक राहावी, यासाठी तरी बाकीच्यांना त्यांच्या भाषेत वाट दाखवायला हवी.

डिसेंबर २०१८ मध्ये, सुरेश प्रभू मंत्री असताना, विमानतळांवरच्या घोषणा आधी स्थानिक भाषेत, मग हिंदीत आणि इंग्रजीत कराव्यात असं ठरलं. विमान कोणत्या गेटवरून सुटणार हे मराठीत सांगता येत असेल, तर बॅगेत काय नको हेही सांगता येईल.

तेव्हा मागणी अशी. आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या सुरक्षा नियमांची एक पानी यादी ब्युरोने मराठीत काढावी, आणि ती घरातल्या शब्दांत असावी. 'द्रव, जेल व तत्सम पदार्थ' असं लिहून उपयोग नाही. तूप, लोणचं, श्रीखंड, काकवी असं लिहावं. खोबऱ्याची वाटी, खसखस, अडकित्ता, काडेपेटी, पॉवर बँक ही नावं चित्रांसह यावीत. साखरेच्या आजाराची इन्सुलिन आणि पातळ औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नेता येतात, हेही त्यात हवं, कारण भीतीपोटी ती घरी ठेवून निघणारे लोक आहेत. ही यादी तिकिटासोबत मोबाइलवर पाठवणं विमान कंपन्यांना बंधनकारक करावं. पासपोर्ट घेताना ती हातात पडावी. मुंबई, नागपूर आणि पुण्याच्या विमानतळांवर ती बाहेरच्या फाटकाजवळ लावावी, जिथे सोडायला आलेली माणसं अजून सोबत असतात आणि एखादी वस्तू परत देता येते. आत गेल्यावर काढलेली वस्तू टपालाने घरी पाठवण्याची एक खिडकीही असावी. चांदीचा अडकित्ता सासूबाईंच्या आईचा असू शकतो.

सीआयएसएफच्या जवानांना झडतीपुरती वीस-पंचवीस मराठी वाक्यं शिकवणं अवघड नाही. बिहार, केरळ, आसामातून आलेली ही पोरं रोज हजारो माणसांशी शांतपणे वागतात, हे इथले लोक परत आल्यावर आवर्जून सांगतात.

यादीचा मसुदा तयार झाला की तो एकदा वडनेर भोलजीसारख्या गावात वाचून दाखवावा, असंही सुचवावंसं वाटतं. कोणता शब्द कळला, कोणता नाही, कोणती वस्तू राहून गेली, हे इथल्या बायका एका दुपारीत सांगतील. उन्हाळ्यात नातवंडांकडे जाणाऱ्यांची तिकिटं जानेवारी-फेब्रुवारीत निघतात आणि त्याच सुमारास पापड-कुरडयांची तयारी सुरू होते. यादी त्याआधी यावी.

कळावे,

वडनेर भोलजी येथील एक रहिवासी
ता. नांदुरा, जि. बुलढाणा

प्रत माहितीसाठी: महासंचालक, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, नवी दिल्ली