शिर्डीला जाताय? एक मुक्काम वाढवा

शनिवारी पहाटे मुंबई-पुण्याहून गाडी काढायची, दुपारी शिर्डीच्या रांगेत उभं राहायचं, संध्याकाळी शनिशिंगणापूर उरकायचं आणि मध्यरात्री डुलक्या देत घर गाठायचं. आपल्यातल्या पुष्कळांची साईयात्रा अशीच होते. आजीचे गुडघे पुढे आठवडाभर बोलत राहतात. काय पाहिलं म्हणून कुणी विचारलं, तर रांगेतल्या पुढच्या माणसाची पाठ तेवढी आठवते.

म्हणून एक विनंती. जमेल तेव्हा मंगळवार-बुधवार धरून जा आणि एक रात्र नगर जिल्ह्यात काढा. गुरुवार साईंचा, शनिवार आणि अमावास्या शनिदेवाची. त्या दिवशी गर्दी ठरलेलीच. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा आणि 31 डिसेंबर यांचं तर विचारूच नका.

2011 च्या जनगणनेत शिर्डीची लोकसंख्या होती सुमारे 36 हजार. गावाचं पाणी, गटारं, रस्ते हे सगळं कायमच्या रहिवाशांच्या हिशेबाने आखलं जातं, आणि सणाला त्याच्या कितीतरी पट माणसं उतरतात. किरण शिंदे यांच्यासारखे अभ्यासक भारतातल्या तीर्थक्षेत्रांचं नियोजन आणि व्यवस्थापन तपासत आले आहेत. अँड्रिया पिंकनी यांच्यासोबत त्यांनी 2013 मध्ये खास शिर्डीच्या बदलत्या रूपावर लिहिलं. शिर्डी संस्थानासाठी 2004 चा स्वतंत्र कायदा आहे, शिंगणापूर देवस्थानासाठी 2018 मध्ये कायदा झाला. पण कायदा कारभार बघतो. आपण कोणत्या दिवशी यायचं, हे आपल्याच हातात राहतं. त्यातली जोखीम सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवीने दाखवली आहे. 25 जानेवारी 2005 ला, यात्रेच्या एकाच दिवशी अरुंद वाटेवर लोटलेल्या गर्दीत सुमारे 300 माणसं गेली.

घाईचा फायदा कोण घेतं, तेही बघा. शिंगणापूरच्या रस्त्यावर मोटारसायकलवरचा एक पोरगा तुमच्या गाडीच्या बरोबरीने येतो. 'पार्किंग फुकट आहे, इकडे घ्या' म्हणतो. गाडी थांबते न थांबते तोच हातात ताट येतं: तेलाची बाटली, रुईच्या पानांची माळ, काळं कापड, घोड्याची नाल. किंमत कळते दर्शन करून परतल्यावर. गावात यांना लटकू म्हणतात, शिर्डीत पॉलिशवाले. ज्याला अंधाराच्या आत पुण्याला पोचायचंय, तो वाद घालत नाही, पैसे टाकून सुटतो. तुम्ही मुक्कामाला असाल तर शांतपणे 'नको' म्हणता येतं. ताट हातात घेण्याआधी किंमत विचारा. पास आणि खोली संस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. ऑनलाइन पूजेचं आमिष दाखवणाऱ्या ॲपला तर हातच लावू नका. शिंगणापूरच्या नावावर चाललेल्या बनावट ॲपचं प्रकरण 2025 मध्ये चांगलंच गाजलं.

आता त्या वाढवलेल्या दिवसाचं काय करायचं? शिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या गावी, प्रवरेकाठी, पैस खांब आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. शनीला जाणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी इथं वळतच नाहीत. वळाल तर खांबापाशी दहा मिनिटं बसता येतं, मागून कुणी 'चला, चला' म्हणत नाही. याच तालुक्यात दत्ताचं देवगड आहे. पुण्याकडचे असाल तर कर्जत तालुक्यात, भीमेकाठी, सिद्धटेकचा गणपती आहे. नुसती शांतता हवी असेल तर नगरजवळ अरणगावला मेहेरबाबांची समाधी आहे. आणि ज्या साईंसाठी एवढी धावपळ केलीत, ते मशिदीत राहिले, तिला द्वारकामाई म्हणाले आणि तिथं धुनी पेटती ठेवली. समाधीच्या दर्शनानंतर तिथंही थोडं थांबून या.

मुक्काम वाढवलात की पैसाही गावात राहतो. राहुरी-नेवाशाच्या खानावळीत जेवा, बाजारातून शेंगदाणे घ्या. बाटल्या आणि पिशव्या मात्र गाडीतच ठेवा, प्रवरेत नको.

पायी पालखीने जाणाऱ्या मंडळींनाही सांगणं आहे: रात्री महामार्गाने चालू नका, चालावंच लागलं तर चमकणारे पट्टे अंगावर आणि मागे दिवा लावलेली गाडी असू द्या.

2027 मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. तिथून शिर्डी जवळ, त्यामुळे स्नानाच्या दिवसांच्या मागेपुढे इथंही लोंढा येईल. घरात म्हातारं माणूस असेल तर त्या तारखा सोडून न्या. देव कुठं जात नाही. पुढच्या वेळी रजेचा अर्ज भराल तेव्हा शुक्रवार खोडा आणि मंगळवार-बुधवार लिहा.