पालीची शेपटी आणि आपला गुडघा

नागपूरच्या उन्हाळ्यात ओसरीतील दिव्याभोवती किड्यांवर टपलेली एखादी बांडी पाल आपण पाहिली असेल. काही आठवड्यांत तिला पुन्हा शेपटी फुटते. मात्र आत मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते. मग आपल्या गुडघ्यातील झिजलेली कूर्चा का भरून येत नाही?

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी हायड्रा या गोड्या पाण्यातील इवल्या जीवाचा दीर्घकाळ अभ्यास केला. हायड्राचे डोके कापले तरी दोन-तीन दिवसांत नवे उगवते. त्यासाठी पेशी परस्परांना ‘विंट’ नावाच्या प्रथिनांद्वारे निरोप धाडतात. गर्भाची घडण ठरविण्यातही या निरोपांचा वाटा असतो. आपल्या आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते, तेही त्यांच्याच बळावर. परंतु हा निरोप थांबेनासा झाला, की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. निसर्गाने आपल्या बाबतीत हात आखडता घेतला, तो कदाचित यासाठीच!

म्हणून ‘मूलपेशींच्या एका इंजेक्शनने नवी कूर्चा’ असे कोणी सांगितल्यास, शुश्रूषा करणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी विचारावे: किती रुग्णांवर, किती वर्षे, कोणाच्या मान्यतेने? तोवर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम मात्र सोडू नये. त्याने दुखणे खरोखरच हलके होते.