माय खोडू नका

यंदा आमच्याकडे आलेल्या कथांमध्ये माय जवळजवळ नव्हतीच. कथा औरादची, भालकीची, आळंदची. माणसं रानात राबणारी, बोलणं बिदरच्या बाजारातलं, आणि पोरगं दारातून हाक मारतं ती मात्र 'आई' अशी. वर्षभर हे मनात खुपतंय. तुम्ही या अंकाचे जुने सोबती, म्हणून पहिल्याच पानावर हे भांडण मांडतो.

एक हस्तलिखित सांगतो. लेखक तरुण, गाव मांजरेकाठचं. पहिल्या पानावर निळ्या शाईत 'माय' लिहिलेलं, त्यावर रेघ, वर बारीक अक्षरात 'आई'. पुढं पानोपानी तसंच. मग खळ्यावर राशीजवळ बापाला पान लागतं आणि पोरगं ओरडत घराकडं पळत सुटतं. त्या ओळीतली 'माय' तशीच राहिलीय. तिथं रेघ ओढायचं त्याला सुचलं नाही. फोन करून विचारलं तर म्हणाला, "सर, माय लिहिलं की गावंढळ दिसतं. कथा आधी स्पर्धेला पाठवायची होती."

गावंढळ कशानं? मायबोली चालते, मायमराठी चालते, अर्ज करताना मायबाप सरकार चालतं. ज्ञानेश्वरांना माउली म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. एकटी माय तेवढी छापायला नको. शहरी बोलण्यात तर आय आणि माय 'आयला' नि 'च्यामायला'पुरत्या उरल्यात. व्यासपीठावर माय, शिवीत माय, आणि ज्या घरात ती खरोखर राहते त्या घराच्या गोष्टीत तिला मज्जाव. याचा मला राग येतो.

'आई'शी माझं वैर नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, ती आपल्या पालगडच्या घरात जी हाक होती तीच घेऊन. १९५३ला अत्र्यांनी त्यावर चित्रपट केला. कोकणातल्या एका घरातली आई सगळ्या मराठी मुलुखाची झाली. गुरुजींचं पुस्तक डोळ्यांत पाणी आणून वाचणाऱ्या आमच्या लेखकांनी त्यांच्याकडून घ्यायचं तर हेच घ्यावं, की आपल्या घरातली हाक कागदावर तशीच उतरवावी.

आणि आमच्या घरांत हाकांची काय श्रीमंती आहे! बिदरच्या मैलूर भागात दिवेलागणीला गल्लीत उभं राहा. एका दारातून 'अव्वा', शेजारून 'अम्मी', समोरून 'माय', वरच्या मजल्यावरून 'अम्मा'. शहराबाहेर तांड्यावर 'याडी'. काही घरांत आई ही 'बाई' असते, काहींत 'अक्का', काहींत चक्क 'वहिनी', कारण घरातली सगळी धाकटी माणसं तिला तशीच हाक मारत आली आणि लेकरांनी तीच उचलली.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमच्याकडे आई एकटी नसते. बापाच्या थोरल्या भावाची बायको ती मोठी माय. कन्नड घरात तिलाच दोड्डव्वा म्हणतात, दखनी घरात बडी अम्मा. तीन भाषा, पण नात्याची बांधणी एकच: चुलतीसुद्धा मायच, फक्त मोठी. कथेत 'माय' खोडून 'आई' केलं की मागोमाग 'मोठी माय' जाते आणि तिथं 'काकू' येऊन बसते. मग ज्या बाईनं आपल्या लेकराबरोबर दिराच्या लेकरालाही पाजलं, तिच्याकडं वाचक पाहुणी म्हणून पाहतो. टीव्हीवरच्या मालिकांनी सासूलाही 'आई' केलं. आमच्याकडं सासू आत्या असते, कारण मामा-आत्याच्या लेकरांत सोयरीक होते आणि कितीदा ती खरोखर आत्याच असते. इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या नातेव्यवस्थांमधल्या पट्ट्यात ठेवलं. त्या पट्ट्याची दक्षिण कड म्हणजे आम्ही.

१ नोव्हेंबर १९५६ला जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. सोयरीक मात्र तुटली नाही. उदगीरकडची शांताबाई बिदरला शांतम्मा होते, विजापूरच्या अंगाला शांतव्वा. कुणी म्हणेल अव्वा कन्नड, ती मराठी कथेत कशाला? ज्या मराठी घरात नांदायला आलेली सून कन्नड आहे, त्या घरातलं लेकरू तिला अव्वाच म्हणणार, आणि ते घर मराठीच राहणार.

सरत्या वर्षाबद्दल थोडंच. सप्टेंबरच्या पावसात मांजरा आणि भीमा पात्र सोडून वाहिल्या, तूर-उडीद पाण्यात गेले. या अंकाचे कितीतरी वाचक ही दिवाळी कर्जातच करताहेत, याची जाणीव आहे. मराठीला अभिजात दर्जा मिळून ३ ऑक्टोबरला वर्ष झालं. आणि मे महिन्यात बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. अनुवादक दीपा भास्ती यांनी इंग्रजीत कन्नड-उर्दू शब्द तसेच ठेवले. ते तिरप्या टायपात घातले नाहीत, त्यांना तळटीपा लावल्या नाहीत. इंग्रजीच्या वाचकांनी ते शब्द पेलले, आणि आमच्या लेखकाला भीती वाटते की पुण्याच्या वाचकाला 'माय' पेलणार नाही.

यंदाचा विशेष विभाग दिवाळीच्या चालीरीतींवर आहे. त्यातला तांड्यावरचा लेख आधी वाचा. अमावास्येच्या रात्री लग्न न झालेल्या पोरी हातात दिवा घेऊन घरोघर 'मेरा' मागायला जातात, एकेका नात्याला हाक देत, आणि त्यात याडीला याडी म्हणूनच हाक असते. लेखिकेनं तो शब्द बदलला नाही, आम्हीही बदललेला नाही.

मांजरेकाठची ती कथाही या अंकात आहे. लेखकाशी बोलून, त्याच्या संमतीनं, सगळ्या रेघा काढून टाकल्या आहेत. पुढच्या वर्षासाठी मजकूर पाठवणाऱ्यांनी घरात जी हाक आहे तीच लिहावी. अव्वा, बाई, याडी, अम्मी, माय. अवतरणचिन्हं नकोत, कंसात अर्थ नको. शुद्धलेखन आम्ही तपासू. त्या शब्दाला हात लावणार नाही.